केनिया : संस्कार, हिंसा आणि समेट

केनियात चाळीसहून अधिक वांशिक समाज राहतात. मुलगा ‘पुरुष’ कधी होतो, याची रीत प्रत्येकाची वेगळी.

बुकुसू : पश्चिम केनियातील हा समाज सम वर्षांत, ऑगस्टच्या सुमारास मुलांची सुंता करतो. पहाटे नदीवर नेऊन मुलाच्या अंगाला गार चिखल फासतात. मग घरच्या अंगणात, सगळ्यांदेखत, पापणीही न लववता त्याने उभे राहायचे.

लुओ : यांच्यात परंपरेने सुंता नाही. पूर्वी खालचे सहा दात काढण्याची प्रथा होती. सुंता न झालेला तो ‘पोरच’, त्याच्या हाती सत्ता कशी द्यायची, असा प्रचार राजकारणात वर्षानुवर्षे झाला.

2007-08 : वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे सहा लाख बेघर झाली. एल्डोरेटजवळच्या किआंबा येथे आश्रयाला आलेल्या किकुयू समाजाच्या कुटुंबांसह चर्च पेटवण्यात आले. नैवाशा व नैरोबीत लुओ पुरुषांची जबरदस्तीने सुंता करण्यात आली.

समेट : संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने 28 फेब्रुवारी 2008 रोजी किकुयू समाजाचे अध्यक्ष म्वाई किबाकी आणि लुओ समाजाचे विरोधी नेते राइला ओडिंगा यांनी सत्तावाटपाचा करार केला. द्वेषमूलक भाषणाला आळा घालणारा राष्ट्रीय सलोखा कायदाही त्याच वर्षी झाला.

फरक संमतीचा : 2008मध्येच एचआयव्ही प्रतिबंधासाठी ऐच्छिक सुंतेची मोहीम सुरू झाली आणि असंख्य लुओ पुरुष स्वतःहून पुढे आले. संस्कार स्वेच्छेने स्वीकारला तरच तो संस्कार; बळजबरीने लादला की तो अत्याचारच. सहजीवनाची सुरुवात दुसऱ्याची रीत मान्य करण्यापासून होते.