वजनाचं पठार: काटा थांबला म्हणजे व्यायाम वाया गेला का?

मागच्या व्याख्यानात आपण चालण्याचा व्यायाम कसा सुरू करायचा ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीबद्दल होते. दोन महिने नेमाने चालतोय, सुरुवातीला वजन उतरलं, आता काटा हलायलाच तयार नाही, काय चुकतंय? म्हणून आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नासाठी.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काकू आल्या. वय बावन्न, वजन ७४ किलो. आईला आणि मोठ्या भावाला मधुमेह. त्यांचा स्वतःचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. आम्ही त्यांना सांगितलं, "रोज पाऊण तास चाला, चहातली साखर आणि रात्रीचा भात कमी करा, वजन उतरेल." काकू शिस्तीच्या. पाच आठवड्यांत तीन किलो उतरले. पुढचे सहा आठवडे काटा ७१ वर तसाच. मग बूट कपाटात गेले. आठ-नऊ महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा वजन ७५ होतं आणि एचबीए१सी ६.७. त्या शांतपणे म्हणाल्या, "उपयोग होत नव्हता ना, म्हणून सोडलं."

उपयोग होत होता. फक्त तो कुठे बघायचा हे आम्ही सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांच्या हातात एकच मोजमाप दिलं, वजनाचं, आणि ते थांबणार हे आधी सांगितलं नाही. ती कसर आज भरून काढू.

पहिले तीन किलो कुठले होते?

आधी साधा हिशेब मांडू. ७४ किलोच्या व्यक्तीने मध्यम वेगाने पाऊण तास चाललं, तर घरी बसून जेवढी ऊर्जा लागली असती त्याहून साधारण १४० कॅलरी जादा खर्च होतात. एका वडापावात याच्या दुप्पट निघतात. पाच आठवडे रोज चाललं तर झाल्या ४,९०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे नुसत्या चालण्याने गेली असेल पाऊण किलोहून थोडी कमीच चरबी. थोडीफार आहार कमी केल्यामुळे गेली असेल. मग बाकीचं वजन?

त्यातलं बरंचसं पाणी. आपलं यकृत आणि स्नायू साखरेचा एक साठा बाळगून असतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात, साखर, पोळी कमी केली की हा साठा घटतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. काटा भराभर खाली येतो आणि आपण खूश होतो.

पुढे उलटं घडतं. नेमाने व्यायाम करणारा स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवायला शिकतो, म्हणजे पुन्हा पाणी आलं. नवीन व्यायामाने स्नायू दुखतात, तिथे थोडी सूज येते, तेही पाणीच. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी साठतं ते वेगळंच. आता समजा महिन्यात अर्धा किलो चरबी गेली आणि अर्धा किलो पाणी वाढलं. काटा काय दाखवणार? काहीच नाही. सुरुवातीला काटा कौतुक जास्त करत होता, आता कमी करतोय. दोन्ही वेळा तो पूर्ण खरं बोलत नाही.

७,७०० चा हिशेब कुठे फसतो?

हा ७,७०० चा आकडा न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या हिशेबातून आला. चरबीचा साठा मोजायला तो ठीक आहे. घोटाळा होतो तो आपण त्याला गुणत सुटतो तेव्हा. रोज १४० कॅलरी म्हणजे वर्षाला साडेसहा किलो, दहा वर्षांत ६६ किलो. म्हणजे आमच्या काकू दहा वर्षांनी आठ किलोच्या व्हायला हव्यात! (सभागृहात हशा.) हसण्यासारखंच आहे, पण सल्ला देताना आम्हीसुद्धा हाच हिशेब मनात धरत होतो.

खरं काय होतं? शरीर हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही उतरतो. कमी वजन वागवायचं, कमी पेशी पोसायच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणित 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडलं. त्याचं सार असं: रोजच्या हिशेबात कायमचा २४ कॅलरींचा फरक पाडला, तर शेवटी साधारण एक किलो वजनाचा फरक पडतो. त्यातला निम्मा फरक पडायला सुमारे वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळा पडायला तीन वर्षं.

आता काकूंचे १४० या नियमात बसवा. एकूण साडेपाच-सहा किलो, आणि त्यातले पहिल्या वर्षात तीनेक. तेही खाणं तसूभर न वाढवता. म्हणजे पठार लागणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. घाट चढून गेल्यावर पठार लागलं, तर आपण रस्ता चुकलो असं म्हणत नाही.

भूक आपली वही वेगळी ठेवते

दुसरं कारण भूक. याचा एक जुना अभ्यास आपल्याच देशातला आहे. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचं काम, खाणं आणि वजन तपासलं. १९५६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जावं तसं खाणं वाढत गेलेलं दिसलं आणि वजन मात्र जवळपास सारखं. गंमत पुढे आहे. अगदी बैठं काम करणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. हालचाल वाढली की भूक त्या मापाने वाढते, हा लोभीपणा नव्हे. आणि हालचाल अगदीच थांबली तर भुकेचं माप बिघडतं. म्हणून व्यायाम सोडून देणं हा पठारावरचा सगळ्यात महागडा उपाय आहे.

भूक हळूच वाढते. चालून आल्यावर अर्धा कप जास्तीचा चहा, पोह्यांवर अजून एक डाव, "आज दहा हजार पावलं झाली" म्हणून संध्याकाळी भजी. एकेक गोष्ट किरकोळ, पण १४० कॅलरी भरून यायला किरकोळच पुरते.

खर्च आखडणारं शरीर

तिसरं कारण ऐकून आम्हालाही नवल वाटलं होतं. टांझानियात हाद्झा नावाचे लोक आजही शिकार करून, कंदमुळं आणि मध गोळा करून राहतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. एका विशिष्ट प्रकारचं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून खर्च काढतात, ही त्याची खात्रीची पद्धत. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर हाद्झांचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या लोकांएवढाच! आणि चालतात कितीतरी जास्त.

पाँट्झर यांचं म्हणणं असं की हालचालीवर खर्च वाढला की शरीर दुसरीकडे हात आखडतं. घरात मुलांची फी वाढली की आपण महिन्याचं उत्पन्न वाढवू शकत नाही, मग हॉटेलात जाणं कमी होतं, नवा पडदा पुढच्या दिवाळीवर जातो. तसंच हे. ही कातर नक्की किती लागते यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट तुम्ही घरीच पाहू शकता. सकाळी पाऊण तास चाललेला माणूस दुपारी जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, "जरा पाणी आण रे" म्हणतो आणि संध्याकाळी सोफ्यावरून उठत नाही.

काटा न हलता काय झालं?

आता आजच्या विषयाचा गाभा. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना घेऊन एक मोठा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला. दुसऱ्या गटाला आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन. आणखी दोन गटांना गोळी, एकाला नुसती आणि एकाला मार्गदर्शनासह. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के. आणि या गटाचं वजन? त्यात म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता.

हे पुन्हा सांगतो, कारण घरी न्यायची गोष्ट हीच आहे. वजन जवळपास तेवढंच राहिलं आणि तरीही कितीतरी लोकांचा मधुमेह टळला किंवा लांबला.

असं का? स्नायू आकसतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. व्यायामानंतर एक-दोन दिवस तो इन्सुलिनचंही जास्त ऐकतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये असं सांगतात. यात वजनकाट्याचा काही संबंध नाही.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू पडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक प्रसिद्ध फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. नुसत्या वजनावरून आपली तब्येत ओळखणं म्हणूनच अवघड.

मग पठारावर करायचं काय?

पहिलं, मोजमाप बदला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावून घेर मोजा, महिन्यातून एकदा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. वजन करायचंच असेल तर सकाळी, रिकाम्या पोटी, आणि एका दिवसाचं नव्हे तर आठवड्याची सरासरी बघा.

दुसरं, चार-पाच दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा. चव बघताना तोंडात गेलेलंही. कुणाला दाखवायचं नाहीये, त्यामुळे खरं लिहा. घरात महिन्याला तेल किती लागतं तेही बघा.

तिसरं, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जोडीला प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं, मासे यांपैकी काहीतरी. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातो, तो राखायचा आहे.

चौथं, उरलेला दिवस जागा ठेवा. फोनवर बोलताना फेऱ्या मारा, तासाभराने उठा.

आणि एक करू नका. काटा थांबला म्हणून जेवण निम्म्यावर आणू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे धोक्याचंही आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*डॉक्टर, किती दिवस वजन थांबलं म्हणजे पठार समजायचं?*

दोन आठवड्यांना पठार म्हणू नका, ते पाण्याचे खेळ असतात. चार ते सहा आठवडे आठवड्याची सरासरी आणि कमरेचा घेर दोन्ही जागच्या जागी असतील, तर पठार म्हणा. त्याबरोबर खूप थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं असं काही असेल तर थायरॉइड तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा दुसरी औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

*मग दुप्पट चालायचं का?*

वेळ असेल, गुडघे साथ देत असतील तर हळूहळू वाढवा, तब्येतीला चांगलंच आहे. पण वजन दुप्पट उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. भूक आणि आखडता हात दोन्ही पाठोपाठ येतात.

*म्हणजे वजन कमी करण्याचा नाद सोडायचा?*

नाही. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा फायदा आहेच, आणि ते मुख्यतः ताटात ठरतं. चालण्याचं काम वेगळं: उतरलेलं वजन परत चढू न देणं, साखर, रक्तदाब, झोप आणि मन सांभाळणं. दोघांची कामं वेगळी ओळखली की एकाचा राग दुसऱ्यावर निघत नाही.

जाता जाता काकूंबद्दल. त्या आता पुन्हा चालतात, सोबत गोळीही आहे. वजन ७२-७३ च्या आसपास असतं. आम्ही त्यांना वजन विचारत नाही. "या आठवड्यात किती दिवस चाललात?" एवढंच विचारतो. तुमचे बूट कपाटात गेले असतील, तर उद्या सकाळी बाहेर काढा.