कोरडा कान म्हणजे बरा कान नव्हे

कान वाहायचा थांबला की तो बरा झाला, असे मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. लहानपणापासून फुटणारा कान उन्हाळ्यात कोरडा राहतो; सर्दी झाली किंवा पोहताना पाणी गेले की पुन्हा वाहू लागतो. औषधाच्या थेंबांनी पू थांबतो, पण पडद्याला पडलेले छिद्र बहुधा तसेच राहते. त्यातूनच संसर्गाला पुन्हा वाट मिळते आणि ऐकणे कमी होत जाते. वर्गात मागे पडणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाते, त्यामागे कधी कधी हेच कारण असते.

थप्पड बसून फाटलेला पडदा अनेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. जुन्या संसर्गात मात्र छिद्राच्या कडेवरून त्वचा आत वळते आणि भरून येण्याची क्रिया थांबते. अशा वेळी टिम्पॅनोप्लास्टी ही शस्त्रक्रिया करावी लागते. तिचा पाया जर्मनीतील झोल्नर आणि वुल्स्टाइन यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी घातला. तेव्हा त्वचेचा तुकडा वापरीत. पुढे कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरण वापरात आले आणि तेच आज सर्वाधिक रूढ आहे.

छिद्राच्या कडा सोलून ताज्या केल्या जातात, आवरणाचा तुकडा पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवला जातो आणि विरघळणाऱ्या स्पंजने त्याला आधार दिला जातो. टाका घालावा लागत नाही. हा तुकडा खरे तर केवळ मांडव. उरलेल्या पडद्याच्या पेशी त्यावर वेलीसारख्या पसरतात. आतली हाडांची साखळी झिजली असेल, तर तीही जोडावी लागते. आंतरकर्णाचा दोष मात्र याने सुधारत नाही.

प्रत्येक वाहणारा कान असा साधा नसतो. स्राव थोडा पण दुर्गंधीयुक्त असेल, तर कोलेस्टिटोमाची शंका घ्यावी. यात मध्यकर्णात साचलेली त्वचा हाड पोखरते. तोंड वाकडे होणे, चक्कर येणे, मेंदूत गळू होणे, इथवर मजल जाते. तेथे आधी रोग समूळ काढणे महत्त्वाचे, पडदा त्यानंतर.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कानात पाणी जाऊ देऊ नये, नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे. लसणाचे कोमट तेल तर छिद्र असलेल्या कानात कधीच घालू नये.