जुनी रेकॉर्ड आणि नवी कॉपी

‘चोरबाजारातून जुनी रेकॉर्ड घेतली तरी गायकाला दमडी मिळत नाही आणि मित्राच्या पेन ड्राइव्हवरून गाणी उतरवून घेतली तरीही नाही. मग फरक तो काय?’ हा युक्तिवाद चटकन पटतो, पण त्यात मोठी गफलत आहे. रेकॉर्ड विकणाऱ्याच्या हातून ती जाते. पुन्हा ऐकावीशी वाटली तर त्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात. प्रत एकच राहते आणि तिचे पैसे पहिल्या विक्रीलाच चुकते झालेले असतात. कॉपी देणाऱ्याचं मात्र काहीच जात नाही. एकाच्या दोन प्रती होतात आणि दुसरीचे पैसे कुणीच दिलेले नसतात.

मग विकत घेतलेली फाइलही रेकॉर्डसारखी जुन्या बाजारात विकता येईल, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या रीडिजी कंपनीने 2011 मध्ये नेमका हाच धंदा मांडला. आयट्यून्सवर घेतलेलं गाणं तिच्या सर्व्हरवर जाऊ लागलं की विकणाऱ्याच्या संगणकावरून ते तुकड्यातुकड्याने पुसलं जाई. एकच गाणं दोन्हीकडे राहू नये, ही त्यामागची खबरदारी. प्रयत्न प्रामाणिक होता, असं मला वाटतं. तरीही कॅपिटॉल रेकॉर्ड्सने खटला भरला आणि 2018 मध्ये अपील न्यायालयातही रीडिजी हरली. सर्व्हरवर तयार होते ती नवीच प्रत, असं न्यायालयाने ठरवलं.

‘जुनी गाणी काय, सगळ्यांचीच!’ हेही खरं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1955 साली सुरू झालं. पण त्याचे गीतकार गदिमा 1977 मध्ये गेले आणि संगीतकार बाबूजी 2002 मध्ये. म्हणजे शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आणि चालींवरचा 2062 अखेरपर्यंत आहे. आणि ‘पैसे कंपनीच खाते’ म्हणणाऱ्यांसाठी: कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला करारात लिहून घेता येत नाही.

बाजारातून कायमच्या गेलेल्या रेकॉर्ड संग्राहकांनी कॅसेटवर उतरवल्या, म्हणून कितीतरी गायकी आज ऐकायला मिळते. त्याला मी चोरी म्हणणार नाही. दुकानात मिळणाऱ्या अल्बमची कॉपी करणाऱ्याला मात्र त्यांचा दाखला देता येणार नाही.