रॉडवरचा आळ

२०२३ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया भारतातून गेली, त्याच्या आदल्या वर्षी फोक्सवॅगनची पोलो. दोन्ही वेळेला आठवणींचा पूर आला आणि त्यात एक जुनं वाक्य पुन्हा वाहत आलं: ‘गाडी झकास, पण टर्बोचे कनेक्टिंग रॉड कच्चे.’ पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांवरच्या या आळाचा मला फार जुना राग आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडतो. २००१ मध्ये ऑक्टाव्हिया आली, औरंगाबादजवळ शेंद्र्याला तिची जुळणी होऊ लागली, लोकांनी डिझेल गाड्या घेतल्या आणि सुखाने चालवल्या. खरी गंमत २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा सुरू झाली. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही १७५० आरपीएमपासून. पुढची दहा वर्षं आमच्यापैकी अनेकांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती. घाटात तिसऱ्या गिअरवर ती गाडी जशी उचलायची, तशी आजही फार थोड्या गाड्या उचलतात.

मग रिमॅपवाले आले. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा. यात मुळात काही वाईट नव्हतं. वाईट होतं ते टॉर्क कुठे ओतला जायचा ते. टर्बो छोटा, लवकर भरणारा. त्यामुळे दोन-अडीच हजार आरपीएमलाच सगळा जोर देऊन टाकायचा, म्हणजे पहिल्याच फेरीला गिऱ्हाईक खूश. पण इंजिन हळू फिरत असताना ज्वलनाचा दाब रॉडवर जास्त वेळ बसून राहतो. या इंजिनाचे बारीक रॉड साधारण ४०० न्यूटन-मीटरपर्यंत तग धरतात, हा जगभरच्या ट्यूनर मंडळींचा अनुभव. म्हणजे कंपनीने दिलेल्या टॉर्कच्या जवळजवळ दुप्पट. त्याला कच्चा रॉड म्हणायचं?

वाकलेला रॉड हातात घेतला तर सरळच वाटतो. पुण्यातल्या एका मशीन शॉपमध्ये हेड उतरवलेलं इंजिन पाहिलं होतं. मिस्त्रींनी क्रँक फिरवून एकेक पिस्टन अगदी वर आणला आणि प्रत्येकावर डायल गेज टेकवला. तीन पिस्टन एका पातळीत, चौथा किंचित खाली. गाडी तोवर चालत होती, फक्त थोडी थरथरत होती.

रॉडचं खालचं टोक क्रँकवर आवळून धरणाऱ्या दोन बोल्टांची गोष्ट वेगळी, आणि इथेच सर्वांत जास्त घोळ घातला गेला. रॉडला दाबतो तो ज्वलनाचा दाब. बोल्टला ओढतो तो वेग. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो, तेव्हा त्याला खाली खेचणारं दुसरं कोणी नसतं. सगळा ताण त्या दोन बोल्टांवर. आरपीएम दुप्पट झाला की ताण चौपट. टर्बोच्या दाबाचा इथे फारसा संबंधच नाही. म्हणून बोल्ट तुटला तर आधी विचारायचं की चुकीच्या गिअरमुळे इंजिन लाल रेषेपलीकडे गेलं होतं का, आणि बोल्ट कोणी, कसे कसले होते.

हे बोल्ट ३० न्यूटन-मीटरला कसून वर आणखी ९० अंश फिरवायचे असतात. त्यात ते कायमचे ताणले जातात, म्हणून एकदा सोडले की नवेच घालायचे. माझ्या मित्राच्या गाडीला एका गॅरेजने जुनेच बोल्ट परत लावले, तेही अंदाजाने. बोल्टची पकड सुटली, बेअरिंग ठोकून निघालं, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. बिलावर कारण लिहिलं होतं: ‘रॉड फेल’.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही असंच. सिलिंडरमध्ये पाणी गेलेल्या गाड्या नुसत्या वाळवून सुरू केल्या गेल्या. पाणी दाबलं जात नाही, रॉडच वाकतो. त्यातले काही पुढे चालत्या गाडीत तुटले आणि दोष पुन्हा रॉडलाच.

आता तर इंजिन उघडायचीच तयारी नसते. चार बोल्ट आणि एक रॉड मागायला जा, अख्खं शॉर्ट इंजिन, म्हणजे पिस्टन-क्रँकसकट ब्लॉकच, घ्या म्हणतात; लाखांचं बिल पाहून माणूस गाडी भंगारात काढतो. डायल गेज लावणारे हात कमी होत चालले आहेत आणि रिमॅप मात्र अर्ध्या तासात, मोबाइलवरून होतो. रिमॅप करून देणाऱ्याने टॉर्क किती वाढवला आणि तो किती आरपीएमला येतो, हे बिलावर लिहून द्यावं. इंजिन उघडणाऱ्याने जुने बोल्ट गिऱ्हाईकाच्या हातात ठेवावेत.