विंडोज ११ टाकायचं का? आधी त्या कॉम्प्युटरवर काय काय चालतंय ते बघा

ज्यांचा धंदा घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतो, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. सातारा-सांगली भागात बहुतेक धंद्यांची सुरुवात अशीच होते. दिवसा पोरांचा अभ्यास, रात्री त्याच मशीनवर बिलं, जीएसटी आणि बँकेचं काम. त्या मशीनवर विंडोज १० असेल, तर "सपोर्ट संपला" असा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही, उद्याही तो चालू होणारच. फक्त सिस्टीममध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवायला आता आपोआप कुणी येणार नाही. याला हलक्यात घेऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले आणि पैसे मागितले. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले. तुमच्या मशीनवर नेट बँकिंग आणि गिऱ्हाइकांची उधारी असेल, तर धोका तुमच्या धंद्याला आहे, नुसत्या कॉम्प्युटरला नाही.

पण म्हणून आजच घाई करायची गरज नाही. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय येतो. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर भरायचे. माझं मत सांगतो: आधी ही नोंदणी करून टाका आणि मग शांतपणे ठरवा.

आता मशीन विंडोज ११ ला चालेल का? त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप आहे, दोन मिनिटांत हो की नाही सांगतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. कधी कधी टीपीएम मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. म्हणून "नाही" आलं की लगेच नवीन कॉम्प्युटरचं कोटेशन मागवू नका, आधी तेवढं बघून घ्या.

खरी गाडी अडते ती पुढे, आपल्या सॉफ्टवेअरवर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. मार्केट यार्डातली अडत दुकानं, दूध डेअऱ्या, छोट्या पतसंस्था यांच्याकडे अजून डॉसच्या जमान्यातले फॉक्सप्रोचे प्रोग्राम सापडतात. पट्टी झटकन निघते, मालकाच्या बोटांना सवय झालेली असते. असा प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर चालतो, ६४ बिटवर थेट चालत नाही. अपग्रेडनंतर हळदीची पट्टी निघाली नाही तर शेतकऱ्याला काय सांगणार? सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथं जाऊन 'सिस्टीम टाइप' वाचा. तिथं ३२ बिट दिसलं, तर मशीन तसंच राहू दे आणि आधी नवीन सॉफ्टवेअरची सोय करा.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, डीटीपीवाल्यांनी तर जास्तच सांभाळावं. मराठीचे जुने फॉन्ट विंडोज ११ वर चालतात. पण टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल, तर त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजला आहे का, हे विकणाऱ्या कंपनीला फोन करून विचारा. डिजिटल सहीचा टोकन, बोटाचा ठसा घेणारं मशीन, लेबल प्रिंटर यांचंही तेच. प्रत्येकाचं मॉडेल कागदावर लिहा आणि कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर बघा. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात होतं.

यानंतर बॅकअप. पेन ड्राइव्हवर डेटा घेऊन तो त्याच कॉम्प्युटरला टोचून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे! ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यावरची कितीतरी दुकानं पाण्यात गेली. कृष्णेचं पाणी कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह असा भेदभाव करत नाही. एक कॉपी हार्ड डिस्कवर, दुसऱ्या घरी. एक क्लाउडवर. आणि ती उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका.

ओळखीचा टेक्निशियन म्हणेल, "दादा, चालत नसलं तरी बायपास करून टाकून देतो." टाकता येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी अपग्रेड करताय, तेच राहिलं. पोरांच्या मशीनवर करा हवं तर, हिशोबाच्या मशीनवर नको. क्रॅक विंडोजचंही तसंच आहे. ओरिजिनल विंडोज १० वाल्याला ११ फुकट मिळतं, ही सवलत क्रॅकवाल्याला नाही.

नवीनच मशीन घ्यायची वेळ आली, तर जीएसटी नंबर टाकून पक्कं बिल घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि धंद्यासाठी घेतला असेल तर रेग्युलर स्कीमवाल्याला त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना नाही.

दिवस कुठला निवडायचा? दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असते. तेव्हा २१ नंतरचा एखादा रविवार धरा. मार्च एंडला तर हातच लावू नका.

अपग्रेड झाल्यावर जुन्या विंडोजवर परत जायची सोय साधारण १० दिवसच राहते, तीही वरचेवर अपग्रेड केलं असेल तर. फॉरमॅट मारून टाकलं असेल तर ती नाही. म्हणून त्या दहा दिवसांत एक खरं बिल काढा, एक लेबल छापा, टोकन लावून एक सही करून बघा. यातलं एक जरी अडलं आणि दोन दिवसांत सुटलं नाही, तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये जाऊन 'गो बॅक' दाबा.