पहिली पसंती

दसरा झाला की पाचोऱ्याच्या आसपासच्या शेतांत कापसाची वेचणी जोराने सुरू होते. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो न येतो, तोच खेडा खरेदीचे व्यापारी काटा घेऊन दारात उभे राहतात. अशा वेळी शेतकऱ्यापुढे प्रश्न पडतो : कापूस आजच द्यावा, की पौष-माघापर्यंत थांबावे? आज दिला तर रोख पैसा हाती येतो. पण कापसात ओल आहे असे सांगून व्यापारी भाव पाडतो. थांबले तर भाव चढण्याची आशा असते. मात्र तो उतरूही शकतो, आणि घरात पडलेला कापूस वाळून वजनाला घटतो ते वेगळेच. ज्याच्या डोक्यावर उधारी आहे किंवा ज्याला रब्बीचे बियाणे घ्यायचे आहे, त्याला थांबणे परवडत नाही. सौदा एकदा ठरला, की पुढे भाव कितीही चढला तरी त्याचा त्याला काय उपयोग?

मुलांनो, उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतानाही विद्यार्थ्यांपुढे असाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत काही विद्यापीठे अशी आहेत, की तेथे जागा थोड्या आणि अर्ज करणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी अनेक ठिकाणी अर्ज दोन वेळा घेतले जातात. नेहमीच्या अर्जाची मुदत साधारणपणे जानेवारीच्या आरंभी संपते आणि त्याचे उत्तर मार्चअखेरीस मिळते. दुसरी वाट लवकरची. तिच्यासाठी नोव्हेंबरमध्येच अर्ज करावा लागतो आणि डिसेंबरच्या मध्यास निर्णय कळतो. या लवकरच्या अर्जाच्या एका प्रकारात विद्यार्थी विद्यापीठाला वचन देतो, की 'तुम्ही मला घेतले, तर मी तुमच्याकडेच येईन. इतर ठिकाणचे अर्ज मागे घेईन.' असा अर्ज एका वेळी एकाच विद्यापीठाकडे करता येतो.

विद्यापीठाला हे वचन कशासाठी हवे असते? शंभर जणांना प्रवेश देऊ केला, तरी शंभरही जण येतातच असे नाही. काही जण दुसरीकडे जातात. वचन देणारा विद्यार्थी मात्र नक्की येणारा असतो. म्हणून अशा अर्जांतून निवड होण्याचे प्रमाण बहुधा जास्त दिसते. पण या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुले आणि ज्यांचे आईवडील त्याच विद्यापीठात शिकले अशी मुलेही त्या वेळी पुष्कळ असतात. सामान्य विद्यार्थ्याला नुसत्या घाईचा लाभ किती होतो, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

येथे कापसाच्या गोष्टीच्या अगदी उलट घडते. बाजारात ज्याला पैशाची निकड आहे, तो आधी विकतो. विद्यापीठात मात्र ज्याला पैशाची चिंता नाही, तोच निर्धास्तपणे आधी वचन देऊ शकतो. याचे कारण असे, की तेथील शिक्षण फार महाग असते आणि प्रत्येक विद्यापीठ गरजू विद्यार्थ्याला निरनिराळी मदत देऊ करते. चार ठिकाणची पत्रे समोर ठेवून, कोठे खर्च कमी पडेल हे पाहण्याची सोय त्याला हवी असते. ज्याने आधीच वचन दिले, त्याच्या हाती एकच पत्र येते. मदत अगदीच अपुरी असेल तर त्याला वचनातून मोकळे होता येते. परंतु तुलना करण्याची संधी गेलेली असते. हाच अन्याय ध्यानात घेऊन हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ साली लवकरचे अर्ज बंद करण्याचे जाहीर केले. पण इतर विद्यापीठांनी त्यांचे अनुकरण फारसे केले नाही, आणि २०११ साली या दोघांनीही ते अर्ज पुन्हा सुरू केले. चांगली मुले दुसरीकडे जातील ही धास्ती मोठ्या संस्थांनाही सुटत नाही, असेच म्हणावे लागेल!

अमेरिका दूर राहिली. वचनाचा हा प्रश्न मात्र पाचोऱ्यातही आला आहे. २०२५ सालापासून महाराष्ट्रात सर्वत्र अकरावीचे प्रवेश संगणकावर, एकाच केंद्रीय पद्धतीने होऊ लागले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांची नावे आपल्या पसंतीच्या क्रमाने द्यावयाची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचे मिळाले, तर मात्र पुढच्या फेरीची वाट पाहण्याची मुभा होती. म्हणजे पहिल्या ओळीत लिहिलेले नाव ही नुसती इच्छा नव्हे. ते वचनच होय.

या पद्धतीत अर्ज मुदतीच्या पहिल्या दिवशी भरला काय किंवा शेवटच्या दिवशी भरला काय, गुण तेच राहतात व निवडही त्यांवरच होते. तेव्हा घाईने काही पदरात पडत नाही.

काही विद्यार्थी भीतीपोटी सहज मिळणारे महाविद्यालय पहिल्या ओळीत लिहितात. अवघड महाविद्यालय पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल, असे त्यांना वाटते. हा समज चुकीचा आहे. पहिले मिळाले नाही, तर त्याच गुणांवर दुसऱ्याचा विचार होतो. उलट सोपे महाविद्यालय पहिले लिहिले, की ते मिळते आणि वाट तेथेच संपते. दुसरे काही विद्यार्थी केवळ नावलौकिक पाहून दूरच्या शहरातले महाविद्यालय लिहितात, आणि ते मिळाल्यावर घरात खर्चाचा हिशेब सुरू होतो. तो हिशेब आधी व्हावयास हवा होता.

सर्वच ठिकाणी नियम इतका कडक नसतो. आय.आय.टी.सारख्या अभियांत्रिकी संस्थांच्या सामाईक प्रवेशात मिळालेली जागा शुल्क भरून राखून ठेवता येते व त्याच वेळी वरच्या पसंतीच्या जागेची वाटही पाहता येते. वरची जागा मिळाली की हातातली सुटते. न मिळाली तर हातातली राहते. गरजू विद्यार्थ्याला ही रीत अधिक सोयीची वाटते यात नवल नाही.

समजा, पाचोऱ्याच्या एका मुलीला दहावीत उत्तम गुण मिळाले आहेत आणि तिला विज्ञान शाखेत जावयाचे आहे. गावात मानसिंगका महाविद्यालय आहे. तेथे ती पायी जाऊ शकते. जळगाव रेल्वेने सुमारे पन्नास किलोमीटर. पास काढून रोज जाऊन-येऊन शिकता येईल, पण दिवसाचे दोन-तीन तास प्रवासात जातील. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ सालचे, मोठ्या नावाचे. तिचे मन तेथे आहे. आई विचारते, "तेथे राहशील कोठे?" हा प्रश्न साधा असला, तरी खरा प्रश्न तोच आहे. महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात खोली मिळालीच असे नव्हे. तिच्यासाठी बहुधा निराळा अर्ज करावा लागतो, आणि तेथेही जागा मोजक्याच असतात. खोली न मिळाली तर बाहेर राहण्याचा खर्च, खानावळ, येण्याजाण्याचे भाडे हे सारे दोन वर्षे पेलेल का, हे वडील कागदावर मांडून पाहतात.

अर्जाची मुदत संपावयास अजून चार दिवस आहेत. म्हणून पहिली ओळ मोकळी ठेवून ती मुलगी पुण्याच्या वसतिगृहाची चौकशी करते, गेल्या वर्षी तेथे शेवटच्या विद्यार्थ्याला किती गुण होते ते पाहते, आणि जळगावला रोज जाणाऱ्या शेजारच्या ताईला गाडीच्या वेळा विचारून घेते.