राणीछाप रुपयाचा तोळा

ब्रिटिश काळातील राणीछाप चांदीचा रुपया हे जसे चलन होते, तसेच वजनाचे मापही. १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. असे ८० रुपये पारड्यात टाकले की एक शेर भरे आणि ४० शेरांचा मण होई. वजन हरवले तर गल्ल्यातले नाणे कामाला येई.

या मेळाचे श्रेय जेम्स प्रिन्सेपला द्यायला हवे. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण पोटापाण्यासाठी तो टांकसाळीत धातूंची कस-परीक्षा करी. ग्रेनचा तीन हजारावा भाग दाखवणारा तराजू त्याने तयार केला होता. वजनमापांची सुधारणा आणि १८३५ चे एकसमान नाणे, दोन्हींमागे त्याचा हात होता. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रिन्सेप क्वचितच भेटतो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेले. पुढे राणीछाप रुपया वऱ्हाडातल्या यवतमाळकडेही रुळला आणि बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांतही जाऊन बसला. शुद्ध चांदी मऊ असते; म्हणून या नाण्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि उरलेला बहुतेक तांबे. त्यामुळे नाणे कमी झिजे आणि दगडावर आपटले की खणखणीत वाजे. शिसे मिसळलेले खोटे नाणे बद्द वाजे.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेवढेच, ११.६६ ग्रॅम! त्यामुळे नुसत्या तराजूवर फरक कळत नाही, पाण्यात कळतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे, तळाला टेकू देऊ नये. राणीछाप रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. १९४७ चा रुपया निकेलचा. त्याला लोहचुंबक पुरे.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. जुनी नाणी लाखोंना विकून देण्याच्या जाहिराती आजही फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्या अशा व्यवहारांबाबत बँकेनेच २०२१ मध्ये सावध केले होते. राणीछाप रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. दुर्मीळ साल वा छाप सोडल्यास त्यांची किंमत मुख्यतः चांदीचीच. विकण्याआधी पाण्याची परीक्षा घरीच करावी.